मजकूर आणि मजकुरात

पदवी घेतल्यावर काही वर्षे मी नागपुरातल्या एका छापखान्यात मुद्रिते तपासत असे. पहिल्याच आठवड्यात माझ्या नजरेतून ‘मजकूरात’ हा शब्द तसाच सुटला. चूक होती, ‘मजकुरात’ हवे होते. वरिष्ठ म्हणाले, ‘उर्दूचा परिणाम, दुसरं काय!’ त्याच दिवशी शेजारच्या मुलाकडून ‘जमीनीवर’ सुटले होते. त्याची ती घाई ठरली. माझा मात्र समाज निघाला.

तिथे एक वयस्क मुद्रितशोधक होते. आम्ही त्यांना काका म्हणत असू. ते तेव्हा काही बोलले नाहीत. चहाच्या वेळी त्यांनी कोऱ्या कागदावर शब्दांच्या दोन रांगा लिहिल्या. एका रांगेत गरीब, वकील, जमीन, मशीद, मजकूर. दुसऱ्या रांगेत शरीर, गीत, दूत, परीक्षा. म्हणाले, ‘बाबू, आता यांना प्रत्यय लावून पाहा.’

मी लावले. दुसरी रांग जागची हलली नाही : शरीरात, गीतात, दूताला, परीक्षेला. पहिली रांग मात्र बदलली : गरिबाला, वकिलाला, जमिनीवर, मशिदीत, मजकुरात.

नियम साधा आहे. शब्दातले शेवटून दुसरे अक्षर दीर्घ ईकार किंवा ऊकार असलेले असेल, तर प्रत्यय लागताना ते ऱ्हस्व होते. चूल, पण चुलीत. फूल, पण फुलात. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले तत्सम शब्द तेवढे याला अपवाद. ते आपला मूळ थाट सोडत नाहीत. अरबी-फारसी शब्दांना मात्र अशी सवलत नाही. मूळ अरबी ‘मस्जिद’मधला इकार ऱ्हस्व. मराठीने तो आपल्या वळणाने दीर्घ करून ‘मशीद’ केली आणि प्रत्यय लागताच पुन्हा ऱ्हस्व केला. म्हणजे हा नियम शब्दाचे कूळ विचारतो खरा. पण विचारून ‘वकील’ आणि ‘मजकूर’ यांना चुली-फुलांच्याच पंगतीत बसवतो.

या शब्दांना बाहेर काढण्याचे प्रयत्नही झाले. शिवकाळात रघुनाथपंडितांनी ‘राज्यव्यवहारकोश’ रचून कारभारातल्या यावनी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. स्वराज्याच्या दृष्टीने त्याला अर्थ होता. पुढे माधव जूलियन यांनी १९२५ मध्ये ‘फार्शी-मराठी कोश’ सिद्ध केला. फारसीचे हेच प्राध्यापक नंतर भाषाशुद्धीचे खंदे पुरस्कर्ते झाले. तरीही मुद्रितशोधकाच्या टेबलावर आजही काय असते? कागद, शाई, मजकूर, दुरुस्ती. हे शब्द गेले तर चूक दाखवायची कशी? (‘दुरुस्ती’तला ‘रु’ ऱ्हस्वच आहे, ‘दुरूस्ती’च्या पाट्या मात्र गावभर दिसतात!)

शुद्धता हीदेखील कायमची ठरलेली गोष्ट नव्हे. दादोबा पांडुरंगांचे मराठी व्याकरण १८३६ मध्ये छापले गेले. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे आपण ‘नांव’, ‘पांच’, ‘कवि’ असे लिहीत होतो. १९६१ मध्ये मराठी साहित्य महामंडळ स्थापन झाले. त्यात पुणे, मुंबई आणि मराठवाड्याच्या संस्थांबरोबर आपला विदर्भ साहित्य संघही होता. महामंडळाचे चौदा नियम शासनाने १९६२ मध्ये स्वीकारले. १९७२ मध्ये आणखी चार आले आणि एकूण अठरा झाले. न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले, ‘कवि’चा ‘कवी’ झाला. म्हणून जुन्या पुस्तकात ‘नांव’ दिसले, तर ती लेखकाची चूक समजू नये. तो त्याच्या काळाचा नियम होता.

काकांचा तो कागद मी पुष्कळ वर्षे जपला. पुढे अनेक नवोदितांची मुद्रिते माझ्याकडे आली. चूक दिसली की मी समासात खूण करतो; एकही चूक माफ करत नाही. मात्र पहिल्या पानावरचे लिहिणाऱ्याचे नाव मी सगळे तपासून झाल्यावरच वाचतो.