रुपेरी खोकड : नांव, भाव आणि हिशोब

कोल्हा आणि खोकड हे निराळे प्राणी असले, तरी इंग्रजी 'फॉक्स'चें भाषांतर मराठींत पुष्कळदां 'कोल्हा' असेंच होतें. खरें पाहतां फॉक्स म्हणजे खोकड. उत्तरेकडील थंड प्रदेशांत त्याची एक मोठी, तांबूस जात राहते. ह्या तांबड्या कुळांत मधूनच एखादें पिलूं काळें निपजतें. काळ्या केसांचीं टोंकें पांढरीं असलीं, म्हणजे अंगावर चांदीचा वर्ख चढविल्याचा भास होतो.

कॅनडांतील व्यापाऱ्यांनीं अशा कातड्यास 'सिल्व्हर', म्हणजे रुपेरी, हें नांव दिलें. पाठीवर व खांद्यांवर काळ्या पट्ट्यांची फुली असलेल्या मधल्या रंगास ते 'क्रॉस' म्हणत. कांहीं प्राणिशास्त्रज्ञांनीं तर ह्या स्वतंत्र जाती समजून त्यांस निराळीं लॅटिन नांवें दिलीं. परंतु एकाच आईच्या पिलांत तिन्ही रंग सांपडतात. ह्या काळेपणास शास्त्रांत 'मेलॅनिझम' म्हणतात. शब्दाचें मूळ 'काळा' ह्या अर्थाच्या ग्रीक शब्दांत आहे. काळा बिबट्या जसा बिबट्याच, तसें रुपेरी खोकड हें तांबडेंच खोकड होय.

निसर्गानें जो भेद मानला नाहीं, तो बाजारानें मानला. रुपेरी कातड्यास तांबड्याच्या कितीतरी पट भाव येई. कॅनडाच्या पूर्व टोंकास, लॅब्राडोरच्या किनाऱ्यावर, मोराव्हियन पंथाच्या मिशनऱ्यांचीं ठाणीं होतीं. तीं शिकाऱ्यांकडून कातडीं विकत घेत आणि रंगवार नोंदी ठेवीत. १८३४ पासूनच्या ह्या वह्या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ चार्ल्स एल्टन ह्यांनीं अभ्यासिल्या. सुमारें शंभर वर्षांत रुपेरी कातड्यांचें प्रमाण शेंकडा १६ च्या आसपासवरून ५ च्या आसपास उतरलें होतें.

१९४२ सालीं जे. बी. एस. हॉल्डेन ह्यांनीं ह्या आंकड्यांचें गणित मांडलें. काळेपणाचें बीज आई व बाप ह्या दोघांकडून आलें तरच पिलूं रुपेरी होतें. म्हणून रुपेरी खोकडें सरसकट मारून टाकण्याची गरजच नव्हती. तीं तांबड्यांपेक्षां थोड्याशा अधिक प्रमाणांत मारलीं गेलीं, एवढेंच ह्या ऱ्हासास पुरेसें होतें. जें रूप माणसास सर्वांत आवडलें, तेंच त्याच्या बंदुकीनें व सांपळ्यानें रानांतून विरळ केलें.

इकडे त्याच देशाच्या प्रिन्स एडवर्ड बेटावर चार्ल्स डाल्टन व रॉबर्ट औल्टन हे रुपेरी खोकडें पिंजऱ्यांत वाढविण्याच्या खटपटींत होते. १८९० नंतरच्या दशकांत त्यांस यश आलें. १९१० सालीं लंडनच्या लिलांवांत डाल्टनच्या कातड्यांना सरासरी १,३०० हून अधिक डॉलर प्रत्येकीं मिळाले. मग बीजाच्या जोडीसाठीं हजारों डॉलर मोजणारे लोक पुढें आले. १९१४ च्या महायुद्धानें ह्या तेजीस मोठा धक्का दिला. तरी धंदा टिकला, आणि डाल्टन पुढें १९३० सालीं त्या प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर झाले. अशा पैदाशीच्या वंशांतीलच खोकडें घेऊन १९५९ सालीं सैबेरियांतील नोव्होसिबिर्स्क येथें द्मीत्री बेल्यायेव्ह ह्यांनीं त्यांस माणसाळविण्याचा प्रसिद्ध प्रयोग आरंभिला.

हॉल्डेन १९५७ सालीं भारतांत आले, १९६१ मध्यें येथील नागरिक झाले आणि १९६४ सालीं भुवनेश्वर येथें वारले. त्यांच्या त्या लहानशा गणितानें एक मोठी गोष्ट दाखविली : माणसाच्या आवडीनिवडीनें रानांतील प्राण्यांचा वंश बदलतो, आणि तो बदल मोजतांहि येतो. तरीहि लॅब्राडोरचें रुपेरी खोकड नामशेष झालें नाहीं. त्याचें बीज 'क्रॉस' भावंडांच्या रक्तांत शाबूत होतें, आणि व्यापाऱ्याच्या लेखीं त्या कातड्याचा भाव रुपेरीहून पुष्कळच कमी होता.