सह्याद्रीचा शिलापट

मुंबईची आगगाडी 1855 साली वाशिंदपर्यंत आली, 1861 साली कसाऱ्यास पोहोचली आणि 1865 साली थळघाट चढून इगतपुरीस गेली. 37 फुटांस 1 फूट अशा चढणीचा तो मार्ग काढण्यासाठी डोंगर फोडावे लागले आणि गवत-झाडीखाली झाकलेला पाषाण उघडा पडला. त्या पाषाणाचा नकाशा कसकसा घडत गेला, हे आज सांगावयाचे आहे.

आरंभ मात्र रेल्वेच्याही आधीचा. कर्नल साइक्स या लष्करी अधिकाऱ्याने 1830 नंतरच्या दशकात दख्खनच्या खडकांचे वर्णन लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेपुढे मांडले. पुढे 1851 साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खाते निघाले. त्या खात्याचे विल्यम ब्लॅनफर्ड यांनी 1867 साली पश्चिम व मध्य हिंदुस्थानातील ट्रॅप खडकांवर विस्तृत प्रबंध प्रसिद्ध केला. निरीक्षण एवढे कसोशीचे, परंतु नकाशावर साऱ्या सह्याद्रीस रंग एकच! शाळेच्या भिंतीवरील नकाशांतही तोच रंग उतरला.

यात त्या पंडितांना बोल लावण्याचे कारण नाही. सुमारे 6 कोटी 60 लक्ष वर्षांपूर्वी वाहिलेल्या शिलारसाचे हे थर एकावर एक रचलेले असून त्यांचा काळवत्री पाषाण बहुतेक ठिकाणी सारखाच दिसतो. एखादा थर दहा कोसांवर पुन्हा भेटला, तर तो तोच की दुसरा, हे नुसत्या डोळ्यांनी कसे ठरवावे?

या प्रश्नास रसायनशास्त्राने उत्तर दिले. पवई येथील आय.आय.टी.चे प्रा. सुब्बाराव, अमेरिकेतील प्रा. हूपर आणि त्यांचे सहकारी यांनी घाटांतून पायथ्यापासून माथ्यापर्यंत थराथराचे नमुने गोळा केले. बेरियम, टायटॅनियम, स्ट्रॉन्शियम यांच्या प्रमाणांवरून त्यांनी थरांची कुळे लाविली. त्यांचा निबंध 1986 साली आणि सबंध घाटप्रदेशाचा नकाशा 1988 साली प्रसिद्ध झाला. खालून वर जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर अशी त्यांची नावे. इकडे सर्वेक्षण खात्याच्या लोकांनी रानोमाळ पायपीट करून, थरांची ठेवण पाहून वेगळीच नावे दिली होती : साल्हेर, रतनगड, इंद्रायणी, कार्ला. मामाकडे एक आणि काकांकडे दुसरे नाव असलेल्या मुलासारखी डोंगराची गत झाली!

जुन्या-नव्या नोंदी एका पटावर आणणाऱ्याची खरी कसोटी येथे लागते. प्रयोगशाळेतील आकडे कितीही सूक्ष्म असोत, दोन घाटांमधील झाडीत सीमारेषा आखावयाची ती पायांनीच. तेथे उपयोगी पडतो तो फेल्स्पारचे मोठमोठे स्फटिक अंगी असलेला दगड. हे पांढुरके स्फटिक इंचभर व त्याहूनही लांब असतात, ते ओळखण्यास भिंगही लागत नाही. थळघाटाच्याच नावाने ओळखला जाणारा असा एक थर इगतपुरी आणि नेरळ या कुळांमधील सीमा दाखवितो. खात्यानेही असेच थर खुणेचे मानले असल्यामुळे दोन्ही वंशावळी येथे ताडून पाहता येतात. माझ्या मते या नकाशाचा पाया आकड्यांपेक्षा याच दगडाने अधिक पक्का केला. तथापि प्रत्येक नोंदीबरोबर उंचीही हवी, कारण घाटप्रदेशातील थर दक्षिणेकडे किंचित कलले आहेत. उत्तरेस डोंगरमाथ्यावर असलेला थर दक्षिणेस पायथ्याखाली दडलेला असतो.

हा केवळ पंडितांचा विनोद नव्हे. तानसा आणि भातसा ही मुंबईची तहान भागविणारी धरणे शहापूर तालुक्यात आहेत, आणि त्याच तालुक्यातील पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. विहिरीस पाणी लागेल की नाही, हे बहुतांशी खडकातील भेगा, सच्छिद्र थर आणि थरांमधील तांबडी माती यांवर अवलंबून असते. थरांना छेदून उभ्या भिंतीसारखा घुसलेला पाषाण कोठे पाणी अडवितो, तर कोठे आपल्या भेगांतून ते वाहून नेतो. पाड्यांच्या उपयोगी पडावयाचा तर नकाशावर हे सारे गावोगाव उतरले पाहिजे.

2025 च्या जूनमध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला. कसाऱ्यानजीक त्यास सुमारे पावणेआठ किलोमीटरचा बोगदा आहे. रेल्वेनंतर इतका ताजा पाषाण या भागात क्वचितच उघडा पडला असेल. बोगद्याच्या भिंती सिमेंटखाली गेल्या आहेत. बाहेरचे कटाव मात्र अजून वाचता येतात, आणि दोन-चार पावसाळ्यांत त्यांवरही गवत व माती चढेल.