गच्चीवरच्या दांड्या काय सांगतात?

नाशिकच्या इंदिरानगरमध्ये आम्ही राहतो त्या इमारतीच्या गच्चीवर, लोखंडी पाइपाला बांधलेला दूरदर्शनचा एक जुना अँटेना होता. गच्चीचे वॉटरप्रूफिंग करायचे ठरले तेव्हा तो भंगारात द्यावा, असे सोसायटीच्या सभेत निघाले. आम्ही आठ दिवसांची मुदत मागितली. अँटेना चालू होतो का, ते पाहायचे होते. शेजारचा अकरावीतला मुलगा मदतीला आला.

पहिल्या दिवशी जोडणी तपासली. अँटेनापासून घरात येणारी चपटी दुहेरी वायर उन्हाने तडकली होती, नटबोल्ट गंजले होते. वायर बदलली, टोके घासून स्वच्छ केली आणि एका जुन्या संचाला जोडून पाहिले. पडद्यावर नुसत्या मुंग्या. मुलगा म्हणाला, "काका, अँटेनाच खराब असेल." अँटेनात खराब होण्यासारखे असते तरी काय? अॅल्युमिनियमच्या पोकळ दांड्या आणि त्यांना धरणारा एक आडवा दांडा, एवढेच. म्हणून दुसऱ्या दिवशी आम्ही मीटरटेप घेऊन वर गेलो.

दांड्या एकूण पाच. मागची सर्वांत लांब, २ मीटर ३४ सेंटिमीटर. तिच्या पुढची दुमडलेली दांडी २ मीटर २१ सेंटिमीटर. पुढच्या तिन्ही आखूड, सुमारे २ मीटर ८ सेंटिमीटरच्या. वायर जोडलेली होती ती फक्त दुमडलेल्या दांडीला. उरलेल्या चार कशालाच जोडलेल्या नव्हत्या. मग त्या तिथे कशासाठी?

या प्रश्नाचे उत्तर जपानमधील सेंदाई येथे मिळाले. तेथील तोहोकू विद्यापीठात प्रा. हिदेत्सुगु यागी यांच्या विभागात शिंतारो उदा हे तरुण संशोधक सुमारे साडेचार मीटर लांबीच्या रेडिओ लहरींवर प्रयोग करत होते. लहरी एकाच दिशेने कशा पाठवता येतील, हा त्यांचा प्रश्न होता. मुख्य दांडीजवळ नुसती उभी केलेली धातूची दांडीही लहरींवर परिणाम करते, असे त्यांना दिसले. लहर आली की त्या दांडीतही वीजप्रवाह निर्माण होतो आणि ती स्वतः लहर सोडू लागते. दांडी अर्ध्या तरंगलांबीपेक्षा थोडी लांब असेल तर ती आरशासारखी वागते, थोडी आखूड असेल तर लहरीला वाट दाखवते. अशा दांड्या योग्य अंतरांवर मांडल्या की समोरून येणाऱ्या लहरींचे परिणाम मुख्य दांडीवर एकमेकांत मिळतात आणि मागून येणाऱ्यांचे बरेचसे खोडले जातात.

उदा यांनी १९२६ पासून हे निष्कर्ष जपानी भाषेत प्रसिद्ध केले. त्याआधीच, १९२५ च्या अखेरीस, यागी यांच्या एकट्याच्या नावाने पेटंटचा अर्ज झाला होता. १९२८ मध्ये यागी यांचा इंग्रजी लेख आला. त्यात उदा यांच्या कामाचा उल्लेख होता, पण जगाने लक्षात ठेवले ते लेखकाचे नाव. आज शास्त्रीय ग्रंथांत 'यागी-उदा अँटेना' असे लिहितात, तरी बाजारात तो 'यागी'च राहिला. खुद्द जपानला या शोधाचे मोल उशिरा कळले. १९४२ मध्ये सिंगापूर जिंकल्यावर जपानी सैन्याच्या हाती ब्रिटिशांच्या रडारविषयीची टिपणे लागली. त्यांत 'यागी' हा शब्द वारंवार येई आणि त्याचा अर्थ लागेना. ते तुमच्याच प्राध्यापकाचे नाव आहे, हे एका युद्धकैद्याने सांगितले!

उदा यांचा आपल्या देशाशीही संबंध आला. युनेस्कोच्या साहाय्य योजनेतून तज्ज्ञ म्हणून येऊन १९५० च्या दशकात ते दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत काम करत होते. त्याच दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी भारतातील दूरचित्रवाणी सुरू झाली. मुंबई केंद्र सुरू झाले ते २ ऑक्टोबर १९७२ रोजी.

आता आमच्या मोजमापाकडे येऊ. प्रत्यक्ष दांडी अर्ध्या तरंगलांबीच्या सुमारे ९५ टक्के ठेवतात. म्हणजे २.२१ मीटरची दांडी ४.६५ मीटर तरंगलांबीसाठी झाली. प्रकाशाचा वेग, सेकंदाला ३० कोटी मीटर, याला ४.६५ ने भागले की वारंवारता येते सुमारे ६४.५ मेगाहर्ट्झ. चौथ्या वाहिनीचा पट्टा ६१ ते ६८ मेगाहर्ट्झचा, आणि मुंबई दूरदर्शन याच वाहिनीवर दिसे. हा अँटेना मुंबईसाठी बनवलेला होता!

तळमजल्यावरच्या आजोबांनी याला दुजोरा दिला. अँटेना त्यांचाच होता, पंचवटीतल्या जुन्या घरून आणलेला. १९८४ मध्ये देशभर झपाट्याने लघुशक्ती प्रक्षेपक उभारले गेले. उपग्रहावरून आलेला दिल्लीचा कार्यक्रम पुढे पाठवणे हे त्यांचे मुख्य काम. आजोबांना मात्र 'गजरा' आणि 'आमची माती, आमची माणसं' पाहायचे होते, म्हणजे मुंबईच पकडायला हवी होती. वरळीचा सुमारे ३०० मीटर उंच मनोरा इथून सरळ रेषेत सुमारे १४५ किलोमीटर नैऋत्येला, आणि मध्ये सह्याद्री. लांब लहरी डोंगरमाथ्यावरून थोड्या वळतात, म्हणून एखाद्या रात्री चित्र येई. एकाने गच्चीवर अँटेना फिरवायचा, खालच्याने ओरडायचे, "आलं, आलं... गेलं!" मराठी ऐकण्यासाठी चाललेला हा खटाटोप होता.

मग आता मुंग्याच का? कारण ऐकायला अँटेना आहे, बोलणारे कोणी उरलेले नाही. दूरदर्शनने आपले जमिनीवरचे अॅनालॉग प्रक्षेपक टप्प्याटप्प्याने बंद केले. मोक्याच्या ठिकाणचे मोजके वगळता हे काम २०२२ पर्यंत जवळजवळ पुरे झाले. २०१६ मध्ये १६ शहरांत डिजिटल प्रक्षेपण सुरू झाले. त्यांत महाराष्ट्रातून मुंबई आणि औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) होते. नाशिक नव्हते.

शेवटच्या दिवशी ती वायर आम्ही एफएम रेडिओला जोडली. आकाशवाणी नाशिक, १०१.४ मेगाहर्ट्झ, स्वच्छ ऐकू आले. पण अँटेना फिरवून आवाजात म्हणावा तसा फरक पडेना. मुलाने लगेच गणित केले: या लहरीची अर्धी तरंगलांबी १.४८ मीटर. तिच्या दृष्टीने आपल्या पाचही दांड्या फार लांब, त्यामुळे वाट दाखवणारे कोणीच नाही.

अँटेना भंगारात गेला नाही. एका शाळेच्या प्रयोगशाळेत त्याला जागा मिळाली. आपल्या गावातही एखाद्या कौलावर, गच्चीवर असा सांगाडा असेल. तो उतरण्यापूर्वी विद्यार्थ्यांना मीटरटेप द्यावी. तरंगलांबी काढायला सांगावी, होकायंत्राने दिशा पाहायला सांगावी, आणि त्या दिशेला कोणते केंद्र होते ते घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारायला सांगावे. नावाची चौकशी झाली, तर दोन्ही नावे सांगावीत.