आईच्या वहीतले खाडे

१९७९ साली मी नववीत होतो. शाळेच्या फॉर्मवर ‘आईचा व्यवसाय’ अशी ओळ होती, तिथे मी ‘गृहिणी’ लिहिलं. आई तेव्हा लालबागच्या आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत बावीस गड्यांची खाणावळ चालवत होती. गणवेशाला बांगड्याचा वास येतो असं वर्गात कुणीतरी म्हणालं होतं. तेव्हापासून गिरणीच्या गेटवर डबा पोचवताना मी मान वर करत नसे.

१८५४ साली कावसजी दावरांनी मुंबईतली पहिली कापड गिरणी काढली. पुढे गिरण्या वाढल्या तशी कोकणातून, घाटावरून माणसं आली, ती बहुतेक एकटीच. बायकापोरं गावी शेतावर. चाळीत पथारीपुरती जागा मिळे, चूल नाही. ती चूल खाणावळवालीने पेटवली. गिरणीच्या पाळ्या तीन, म्हणून तिची रांधपही दिवसरात्र. गड्यांचा पगार महिन्याने, वाण्याचा तगादा रोजचा. मधल्या दिवसांसाठी सावकार आणि त्याचं व्याज. प्रेमा पुरवांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि या बायकांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं, ते या फासातून सोडवायला.

आईला अक्षरओळख नव्हती. वहीत प्रत्येक गड्याचं पान ती चित्राने ओळखायची. भजनात जाणाऱ्याला टाळ, मिशाळ होता त्याला नुसती मिशी. जेवला की उभी रेघ, खाडा झाला की फुली. महिनाअखेरची बेरीज माझ्याकडे, तीही मी कुरकुरत करायचो.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांत संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर. आमचे बरेच गडी गावी गेले. ज्यांना गावीही काही उरलं नव्हतं, त्यांचं ताट आईने बंद केलं नाही. त्या महिन्यांच्या पानांवर रेघाच रेघा आहेत, फुली क्वचित. जमेची बाजू कोरी. बेरजेला बसलो तेव्हा विचारलं, “आई, पैसे किती मांडू?”

“पैसे ऱ्हाऊ दे. रेघा मोज. किती जेवले ते कळाय पायजे.”

मी रेघा मोजल्या. ती वही मी त्या रात्री पहिल्यांदा वाचली.

कामगारांची नावं निदान गिरणीच्या मस्टरवर होती. आईचं काम लिहायला एक ओळ मिळाली होती, तीही मी वाया घालवली. तुमच्या घरात आजीची, आईची अशी खाणावळीची वही असेल, तर ती रद्दीत घालू नका.