अभावणी कुणाच्या नजरेने?

रत्नागिरी जिल्ह्यातल्या खोती गावांत भाताला पिवळेपण चढू लागले की कुळांना अभावणीची धास्ती लागे. खोत किंवा त्याचा कारकून बांधावर उभा राही, लोंबीचा भर नजरेने जोखी आणि खाचरात किती भात उतरेल ते सांगे. उभ्या पिकाच्या या अंदाजावरून खोताचा हिस्सा ठरे : भातजमिनीत साधारण अर्धा, नाचणी-वरीच्या वरकस जमिनीत तिसरा. अंदाज फुगवलेला असला तर भार कुळावरच पडे. खोत सरकारला कबुलायत लिहून देऊन गावाचा सारा भरण्याची हमी घेई, म्हणून त्याचा शब्द कागदावर वजनदार ठरे. कुळाची वेठ आणि कुळाचे कर्जही बहुधा त्याच दारी असे. ज्याला हिस्सा घ्यायचा, त्यानेच माप ठरवायचे आणि समोरच्याने एकट्याने तक्रार करायची, ही खोतीतली खरी अडचण होती. आज लवाद आणि सामूहिक दावे यांवर न्यायालये जे निकाल देत आहेत, त्यांच्या मुळाशीही हीच अडचण आहे.

अभावणी म्हणजे लवाद नव्हे, असा आक्षेप कुणी घेईल, आणि तो रास्त आहे. आपल्याकडचा लवाद वेगळा होता. पेशवाईत पंचायत बसण्याआधी दोन्ही पक्षांकडून राजीनामा लिहून घेत. त्या काळी या शब्दाचा अर्थ नोकरी सोडणे असा नव्हता. पंचांचा निवाडा आम्हाला मान्य राहील, अशी ती संमती होती. एल्फिन्स्टनने १८१९ च्या अहवालात पंचायतीचे दोष दाखवले, तरी ही पद्धत टिकावी असेच त्याचे मत होते. पंचाचा अधिकार दोन्ही बाजूंच्या कबुलीतून येतो, हे तिचे मर्म होते. अभावणीत नेमकी ही कबुली नव्हती. म्हणूनच ही तुलना उपयोगाची आहे : निवाड्याची संमती नावापुरती उरली आणि निवाडा करणारा माणूस एकाच बाजूचा राहिला, तर पंचायतीची अभावणी होते.

मग कुळाने कोर्टात का जाऊ नये? दिवाणी अदालतीची वाट मोकळी होती. पण वाद चार मण भाताचा आणि खर्च वकिलाचा, मुद्रांकाचा, तालुक्याला घातलेल्या हेलपाट्यांचा. शिवाय खोताविरुद्ध साक्ष द्यायला शेजारी धजावणार नाही, कारण पुढच्या हंगामात अभावणी त्याच्याही शेतात होणार. प्रत्येक तक्रार एकेकटी इतकी लहान की ती लढणे परवडत नसे, आणि सगळ्या मिळून इतक्या मोठ्या की सारा जिल्हा त्यांत अडकलेला. खोतीत जे बदल झाले ते म्हणून सुट्या दाव्यांपेक्षा सर्वांना एकदम लागू होणाऱ्या उपायांतून झाले. १८८० च्या खोती कायद्याने खोत आणि कुळे यांच्या हक्कांची नोंद व देण्यांचा निर्णय सर्व्हे अंमलदारांकडे आणला. मंडणगड तालुक्यातल्या आंबडव्याशी मूळ नाते असलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधानसभेत खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, आणि १० जानेवारी १९३८ रोजी शेतकऱ्यांचा मोर्चा कौन्सिल हॉलवर गेला. ते विधेयक मंजूर झाले नाही. खोती कायद्याने संपली ती १५ मे १९५० रोजी.

सामूहिक दाव्याविरुद्धचा सर्वांत गंभीर आक्षेप असा, की मूठभर लोक सर्वांच्या नावाने बोलतात. याचा पुरावा रत्नागिरीच्या शेजारी महाडलाच आहे. चवदार तळ्याच्या सत्याग्रहानंतर डिसेंबर १९२७ मध्ये काही सवर्णांनी बाबासाहेब व त्यांच्या सहकाऱ्यांवर दिवाणी दावा लावला. तो प्रातिनिधिक होता : चार-पाच प्रतिवादी आणि त्यांच्या आडून अख्खा अस्पृश्य समाज. म्हणजे हे हत्यार दुबळ्यांवरही चालते. पण त्याचा शेवट पाहा. तळ्यावर सवर्णांचा एकट्यांचा हक्क अनादि वहिवाटीने सिद्ध होत नाही, असे १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ठरवले, आणि दावा सर्वांविरुद्ध होता म्हणूनच निकालही सर्वांच्या पदरात पडला. प्रत्येकावर निराळा दावा झाला असता तर प्रत्येकाला तळ्याचे पाणी निराळे जिंकावे लागले असते.

या आक्षेपावरचा इलाज कायद्यातच आहे. प्रातिनिधिक दाव्याला कोर्टाची परवानगी लागते, संबंधितांना नोटीस द्यावी लागते आणि हितसंबंध एकच असावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये ब्रिगेड एंटरप्रायझेसच्या प्रकरणात हेच तपासले. बंगळुरूच्या १,१३४ सदनिकांच्या प्रकल्पात ५१ सदनिकांच्या ९१ खरेदीदारांनी सर्वांच्या वतीने तक्रार केली होती. सर्वांचे हित एकच असल्याचे दिसत नाही म्हणून ती प्रातिनिधिक मानली गेली नाही. पण त्या ९१ जणांना एकत्र लढण्याची मुभा मिळाली. हा तोल मला योग्य वाटतो. उलट अमेरिकेत २०११ च्या कन्सेप्शन खटल्यात वाद होता सुमारे ३० डॉलरच्या विक्रीकराचा. ग्राहकाने एकेकट्याने लवादाकडे जावे, सामूहिक दावा करू नये, हे कंपनीचे कलम तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरले. तीस डॉलरसाठी एकटा कोण लढेल? चार मण भाताचा जुना हिशेब इथे पुन्हा समोर येतो.

लवाद स्वस्त आणि झटपट असतो, कोर्टात पिढ्या जातात, हेही खरे. चवदार तळ्याच्या दाव्याला नऊ वर्षांहून अधिक काळ लागला. पण ही सोय दोन्ही बाजूंना सारखी मिळाली तरच तिला न्याय म्हणता येईल. आपल्या न्यायालयांनी ही रेघ बऱ्यापैकी ओढली आहे. मुंबईच्या भाडेकायद्याखालचे वाद खासगी लवादाकडे जाऊ शकत नाहीत, हे १९८१ मध्ये नटराज स्टुडिओच्या निकालाने ठरले. करारात लवादाचे कलम असले तरी ग्राहकाला ग्राहक आयोगाचे दार बंद होत नाही, हे डिसेंबर २०१८ मध्ये एम्मार प्रकरणात कायम झाले. आणि ८ नोव्हेंबर २०२४ रोजी रेल्वे विद्युतीकरणाच्या एका कंत्राटातून उभ्या राहिलेल्या वादात घटनापीठाने बहुमताने सांगितले, की सरकारी कंत्राटात एकाच पक्षाने एकमेव लवाद नेमणे समानतेच्या हक्काविरुद्ध आहे. लवादाची वाट त्यामुळे बंद झालेली नाही. पंच निवडताना दुसऱ्या पक्षाचीही खरी कबुली हवी, ही राजीनाम्यातली जुनी अट तेवढी परत आली आहे. घराच्या, विम्याच्या किंवा कर्जाच्या करारावर सही करताना छापील कलमांत दोन गोष्टी शोधाव्यात : पंच कोण नेमणार, आणि आपल्यासारख्या इतरांबरोबर उभे राहता येणार की नाही. खोताच्या कारकुनासमोर एकट्याने बांधावर उभ्या राहणाऱ्या कुळाला यांतले काहीच विचारता येत नव्हते.