‘वाढीचं दुखणं’ : आधी तपासणी, मग नाव

मूल रात्री गुडघा धरून रडू लागलं की घरोघरी एकच उत्तर तयार असतं : वाढतं वय आहे, हाडं वाढतात, दुखणारच. आजी तेल चोळते, शेजारी कॅल्शियमचं नाव घेतात, आणि पुष्कळदा दवाखान्यातही याच समजुतीवर शिक्का बसतो. आईची काळजी सरली नाही, तर ‘उगाच घाबरतेस’ हे तिनंच ऐकायचं.

वाढीमुळे दुखतं ही कल्पना १८२३ साली मार्सेल द्यूशां या फ्रेंच वैद्यानं मांडली. तिला आधार देणारा पुरावा अजून मिळालेला नाही. मूल सर्वांत झपाट्यानं वाढतं ते पहिल्या वर्षी, साधारण २५ सेंटिमीटर, आणि पुढे वयात येताना. ही दुखणी मात्र बहुतेक तीन ते बारा या वयात येतात, आणि त्या काळात उंची वर्षाला पाच-सहा सेंटिमीटरच वाढते. दिवसाला मिलिमीटरचा जेमतेम सहावा हिस्सा. हातांची हाडंही वाढतातच की! मग ती रात्री का ठणकत नाहीत?

म्हणून मुलं खोटं रडतात असं नव्हे. असं निरुपद्रवी दुखणं खरोखर असतं, आणि बहुतेक मुलांचं तेच असतं. पण त्याची चाल ठरलेली आहे. ते दोन्ही पायांत होतं. पोटरीत, मांडीच्या पुढल्या भागात, गुडघ्याच्या मागे. संध्याकाळी किंवा रात्री सुरू होतं, चोळल्यानं बरं वाटतं, सकाळी मूल उड्या मारत शाळेत जातं. सूज नाही, लंगडणं नाही, ताप नाही. हे सारं पाहून झाल्यावरच ते नाव द्यावं. आपल्याकडे नाव आधी देतात, आणि तपासणी राहूनच जाते.

याची सर्वांत मोठी किंमत खुब्याच्या आजारात मोजावी लागते. खुबा आणि गुडघा यांना काही नसा सामाईक आहेत, त्यामुळे खुबा बिघडला तरी मूल बोट गुडघ्याकडे दाखवतं. चार ते आठ वर्षांच्या मुलांत होणाऱ्या पर्थिस आजारात मांडीच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटतो; वयात येणाऱ्या, विशेषतः वजनदार मुलांत हा गोळा जागेवरून घसरतो. गुडघ्याचा एक्स-रे अगदी स्वच्छ येतो, घरचे निर्धास्त होतात, आणि खुबा बिघडतच राहतो. खुबा तपासण्यासाठी पाय आत वळवून पाहायला मिनिटही लागत नाही. ‘प्रत्येक दुखण्याला तपासण्या कशाला’ असं म्हणणाऱ्यांना माझं उत्तर हेच : पहिली तपासणी यंत्राची नव्हे, हाताची आहे.

सकाळी सांधा आखडतो, सूज सहा आठवडे हटत नाही, तर लहान मुलांचा संधिवात असू शकतो. ‘वात म्हाताऱ्यांनाच’ हे खरं नाही. त्यात डोळ्यांना आतून सूज येऊ शकते, तीही न दुखता. रक्ताच्या कर्करोगाची सुरुवात कधीकधी निव्वळ हाडदुखीनं होते. निदानाआधीच स्टेरॉइड दिलं गेलं, तर आजार काही काळ झाकला जातो.

किशोरवयात तर ‘वाढीचं वय’ हे कारण आणखी घातक ठरतं, कारण हाडाचा कर्करोग याच वयात आणि बहुधा गुडघ्याजवळच होतो. एकाच पायात, एकाच जागी, दिवसरात्र वाढत जाणारं दुखणं हाडवैद्याच्या हाती देऊन चोळून घेऊ नये. केमोथेरपी येण्याआधी यातली फार थोडी मुलं वाचत. आज आजार पसरण्याआधी सापडला तर निम्म्याहून अधिक वाचतात.

आणि नंदुरबार, तसंच गडचिरोलीसह विदर्भातल्या पालकांना वेगळं सांगायला हवं. तिथे हाडं ठणकण्यामागे सिकलसेल असू शकतो. त्यात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्या तुंबतात, आणि बाळाची हातापायाची बोटं सुजणं हे पहिलं लक्षण असू शकतं. थेंबभर रक्तावर होणारी साधी चाचणी संशय दाखवते, पक्क्या निदानासाठी पुढची तपासणी असते. तिथे कॅल्शियमच्या बाटलीत महिने घालवणं म्हणजे मुलाला वेदनेत ठेवणं.

दुखणारा पाय कोणता, तो नेहमी तोच असतो का, सकाळी चाल कशी असते, ताप येतो का, वजन उतरतंय का, रात्री वेदनेनं झोप मोडते का : ही माहिती आईबापांइतकी कुणाकडेच नसते. ती लिहून न्यावी, आणि डॉक्टरांनी गुडघ्याबरोबर खुबाही तपासला का, हे न संकोचता विचारावं.