गुडघ्याची गोष्ट: लीड्स ते सिडनी

मंडळी, ७ नोव्हेंबर २००२ आठवतोय? ब्रिस्बेनचं गॅबा, अ‍ॅशेसचा पहिला दिवस. चौकार अडवायला इंग्लंडचा सायमन जोन्स घसरत गेला, पाय जमिनीत रुतला आणि गुडघ्यातला पुढचा क्रूशिएट अस्थिबंध तुटला. त्याच जोन्सने २००५ च्या अ‍ॅशेसमध्ये १८ बळी घेतले!

१८९५ साली लीड्सच्या मेयो रॉबसन या सर्जनने एका खाणकामगाराचा गुडघा उघडला, तर पुढचा-मागचा दोन्ही बंध तुटलेले. त्यांनी ते चक्क कॅटगटने, म्हणजे जनावराच्या आतड्याच्या दोऱ्याने, शिवले. सहा वर्षांनंतरही गडी न लंगडता चालत होता.

पुढे शिवण्याऐवजी पेशंटच्याच शरीरातला स्नायुबंध काढून बसवू लागले. मात्र एकदम दोन-तीन बंध तुटले तर डॉक्टर आधी पावलातली नाडी बघतात. गुडघ्यामागची धमनी फाटली असेल तर काही तासांत पायच गमवायची वेळ येते.

आपल्याकडे सिडनी स्वान्सच्या निक माल्सेस्कीने २००८ मध्ये कृत्रिम बंध बसवून घेतला, त्याच मोसमात खेळला आणि २०१२ ची ग्रँड फायनलही जिंकला. पण असे बंध पुढे अनेकांचे तुटले, म्हणून तो उत्साह ओसरला.

आमची कन्या नेटबॉल खेळते, त्यामुळे सिडनीच्या मर्व्ह आणि टॉम क्रॉस यांचं काम मी जरा जास्तच लक्ष देऊन वाचलं. पुढचा बंध तुटल्यावर गुडघा चार आठवडे ९० अंशात बांधून ठेवायचा, मग हळूहळू सोडायचा, ऑपरेशन नाही! २०२३ च्या त्यांच्या अभ्यासात ८० पैकी ७२ जणांचा बंध एमआरआयमध्ये जुळताना दिसला. ११ जणांचा मात्र पुन्हा तुटला.